राघोबा तेलवाले आणि मुकी मोटार

राघोबा तेलवाले आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझ्याकडे नव्हे, आमच्या फाटकाकडे आले. मालवणात बिऱ्हाड थाटून आम्हांला चारच दिवस झाले होते. मी ओसरीवर मुलांच्या संस्कृतच्या वह्या तपासत बसलो होतो. खाकी अर्धी विजार, वर पांढरा सदरा, डोक्याला घट्ट आवळलेला रुमाल आणि हातात डास मारण्याचा पत्र्याचा पंप, अशा वेषातले एक साठीचे गृहस्थ फाटकाशी येऊन थांबले. त्यांनी फाटक उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मान वाकडी करून ऐकले. मग पंपाचा दांडा मागे ओढून बिजागऱ्यांवर तीन फवारे मारले आणि फाटक एका बोटाने ढकलले. ते निःशब्दपणे मिटले.

"मास्तरांनू," ते म्हणाले, "सकाळपास्ना चौदा खेपा वराडला ह्या. तेका तान लागली होती. तुमका ऐकाक येवक नाय?"

मला ऐकू आले होते. परंतु फाटकाला तहान लागते, आणि ती भागवणे हे घरधन्याचे काम असते, हे मला ठाऊक नव्हते. ते कबूल करावे की न करावे, या विचारात मी असतानाच ते निघून गेले. त्यांचे नाव मला दुसऱ्या दिवशी कळले.

'तेलवाले' हे त्यांचे आडनाव नव्हे, हुद्दा. आगबोटीच्या इंजिनखोलीत भट्टीत कोळसा टाकतो तो आगवाला, आणि हलत्या सांध्यांना तेल देत फिरतो तो तेलवाला. राघोबांनी सत्तावीस वर्षे ही दुसरी नोकरी केली होती. लांब चोचीची तेलाची बुधली एका हातात, आणि दुसरा हात फिरत्या यंत्राच्या सांध्यावर. सांधा तापला आहे की नाही हे हाताने पाहावे लागे, तेही यंत्र न थांबवता, त्याच्या फेऱ्याशी ताल जमवून. एकदा ताल चुकला आणि डाव्या हाताची करंगळी यंत्राने ठेवून घेतली. राघोबांना तिचे दुःख नव्हते. "इंजन थांबूक नाय," एवढेच ते अभिमानाने सांगत.

या नोकरीतून त्यांनी एक तत्त्वज्ञान बरोबर आणले होते. जगातील प्रत्येक वस्तूला सांधे असतात. सांधा कोरडा पडला की तो बोलतो. बोलला म्हणजे त्याला तहान लागली, आणि तहान लागली की तेल द्यावे. यापलीकडे कोणतेही दुखणे असू शकते हे त्यांना मान्य नव्हते. बुधलीची जागा निवृत्तीनंतर डासांच्या पंपाने घेतली होती, कारण बुधलीचे तेल एका जागी पडते आणि पंपाचे सगळीकडे पोचते. त्यात घासलेट, खोबरेल आणि होडीच्या फळ्यांना लावतात ते उंडीचे तेल, असे मिश्रण असे. प्रमाण ते कोणाला सांगत नसत. कोणी विचारलेलेही माझ्या ऐकिवात नाही.

शेजारच्या विहिरीचा रहाट, हायस्कुलातल्या हेडमास्तरांची फिरती खुर्ची, न्हाव्याची कातर, पाळणे, झोपाळे, बैलगाड्यांची चाके, सर्वांनी त्यांचे फवारे घेतले. त्यांचे चुकले ते फक्त एकदा. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता हलवताना कुरकुरतो असे त्यांना आढळले. सप्ताहाच्या आदल्या दिवशी, देवळात कोणी नसताना, त्यांनी पेटीचे झाकण उघडून आत सढळ हाताने पंप मारला. दुसऱ्या दिवशी बुवांनी पेटी उघडली तेव्हा भाता अगदी शांत होता. पण षड्जाची पट्टी खाली बसली ती वर येईना. सारे भजन एका अखंड 'सा'वर चालले. बुवा थांबले तरी तो थांबेना.

"रे राघोबा," भजन आटोपल्यावर बुवा कळवळून म्हणाले, "पेटी बोलाचीच असता रे मेल्या!"

"गाणी गावची ती वस्तू येगळी," राघोबा शांतपणे म्हणाले, "आणि कुरकुरायची वस्तू येगळी. तू दोनय एकत्र करतंस." मात्र त्यानंतर ते देवळात गेले की एक माणूस पेटीवर बसून राही.

माझ्यापुरते म्हणायचे तर मला त्यांची थोडी भीती वाटे. पंक्तीतून उठताना माझे गुडघे वाजतात. एका मुंजीत तसे ते वाजले, तेव्हा समोरच्या ओळीतून राघोबांनी माझ्या गुडघ्यांकडे ज्या नजरेने पाहिले ती पाहून मी धोतराचा सोगा सावरून घेतला.

त्यांच्याकडे एक मोटार होती. सावंतवाडीच्या एका डॉक्टरांनी वापरून टाकलेली ती चार दारांची विलायती गाडी होती. तिच्या नाकावरच्या नावातली निम्मी अक्षरे गळून गेली होती आणि उरलेल्यांचा उच्चार होत नव्हता. राघोबा तिला 'बोट' म्हणत. तिच्या पुढच्या अंगाला नाळ म्हणत, मागे घ्यायची झाली की 'आष्टन!' असा स्वतःलाच हुकूम सोडीत आणि मग स्वतःच तो पाळीत. या गाडीतून ते फारसे कोठे जात नसत. बराच वेळ ते तिच्या खाली असत. आमच्या ओसरीवरून त्यांचे दोन तळवे आणि पंपाचा दांडा दिसे, आणि फुस्स, फुस्स असा आवाज येई.

तरीही गाडी बोलायची. साध्या रस्त्यावर ती कण्हायची, खड्ड्यात किंचाळायची, आणि ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून जाताना तर एखाद्या भांडखोर बाईने भांडी घासायला काढावीत तसा आवाज करायची. राघोबा फवारा मारीत, चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी आवाज पुन्हा सुरू होई.

गावात आंतोन नावाचा एक मेस्त्री होता. त्याने एकदा गाडीखाली डोके घातले आणि तो बाहेर आला तो डोके हलवीतच. त्याने सांगितले ते मी येथे माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. गाडीचा भार लोखंडी पाट्यांवर असतो. पाट्याच्या टोकाला वळवून डोळा केलेला असतो, त्या डोळ्यातून एक जाड खिळा जातो, आणि लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून दोहोंच्या मध्ये रबराची एक जाड बांगडी बसवलेली असते. तिला बुश म्हणतात. राघोबांच्या गाडीचे बुश झिजले होते.

"पाट्यांक तेल मार, हरकत नाय," आंतोन म्हणाला. "बुशाक मारू नको, राघोबा. तां रबर आसा. तेल प्याला की फुगता. भिजलेल्या पावासारख्या जाता."

"फुगला म्हणजे भरला," राघोबा म्हणाले. "भोक बुजला. आवाज गेलो मां?"

"आवाज गेलो. पण गाडी बरी नाय झाली रे बाबा. ती गप झाली."

"माजे बोटीर रबर नाय होता," राघोबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने वाद तेथे संपला होता. त्यांच्या सत्तावीस वर्षांत जे जे दुखले ते लोखंडाचेच होते, आणि लोखंडाला तेल कधी बाधले नव्हते.

हे सारे असेच विनोदाने चालले असते. पण त्या वर्षी त्यांच्या मुलीला दिवस गेले.

शेवंता ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती जन्मली तेव्हा राघोबा बोटीवर होते. तिची आई गेली तेव्हाही बोटीवर होते. तिचे लग्न ठरले तेव्हा ते कायमचे घरी परतले होते, पण तोवर तिला वाढवण्याचे काम त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, उरकून टाकले होते. शेवंता अत्यंत कमी बोलणारी. वैभववाडीच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी एका गावात तिला दिली होती. नवरा मुंबईला नोकरीस, घरी सासू. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. सातव्या महिन्यात मुलीला आणायचे, कारण आठव्यात हलवत नाहीत. राघोबांनी तिच्यासाठी माजघरातली खोली सारवून घेतली होती, बाजेच्या चारी पायांना तेल दिले होते आणि पाळणा तर इतका मुका करून ठेवला होता की आक्का म्हणे, पोराला झोप येण्यासाठी थोडा तरी आवाज ठेवा.

परंतु विहीणबाईंनी निरोप पाठवला. दोन ठिकाणी बस बदलत, धक्के खात सून जाणार नाही. राघोबांच्या गाडीतून तर नाहीच. दिवाळीला ती गाडी त्यांनी ऐकली होती. निरोप आणणाऱ्या माणसाने तो त्यांच्याच शब्दांत ओसरीवर उभे राहून सांगितला: "साकवाच्या पलीकडसून माका कळला, राघोबा इलो. डबे बडवीत वरात येता तशी येता ती गाडी. तेतसून माझी सून जावची नाय. गुमान येणारी गाडी आणा, मगे बघतंय."

राघोबा आंतोनकडे गेले. त्यांनी कोणाकडे आपण होऊन जाणे ही गोष्ट नवी होती. आंतोन म्हणाला, नवे बुश कोल्हापुराहून मागवतो, महिनाभर लागेल. सातवा महिना संपायला बारा दिवस उरले होते.

राघोबा घरी आले आणि गाडीखाली शिरले. त्या आठवड्यात आमच्या अंगणापर्यंत खोबरेलाचा वास येत होता.

रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तरांनू, तुमी येवा वांगडा. शिकलेलो माणूस बरोबर असलो की विहीणबाई बोलताना इचार करतली." मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. मी कोट चढवला.

गाडी सुरू झाली आणि मला वाटले, ती सुरू झालीच नाही. इंजिनाची घरघर तेवढी होती, बाकी चकार शब्द नाही. खड्डे आले, ती खाली गेली, वर आली, पण तोंडातून आवाज नाही. राघोबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी मान डोलावली. मात्र थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की वळणावर राघोबा चाक फिरवीत, गाडीचे तोंड वळे, आणि मागचा भाग एखाद्या वयस्क पाहुण्याप्रमाणे जरा विचार करून मागाहून येई. कणकवलीच्या अलीकडे समोरून माल भरलेला ट्रक आला तेव्हा तो पाहुणा थोडा अधिक विचारात पडला. ट्रकवाल्याने जे शब्द वापरले ते मला ठाऊक नव्हते. राघोबांनी काहीच म्हटले नाही. त्यांच्या डोक्यावरचा रुमाल मात्र घामाने भिजला होता.

पुढे एका ओढ्यावर गाडीला पाणी पाजायला आम्ही थांबलो. डबा भरून आणता आणता ते अचानक बोलू लागले. घड्याळाचा काटा वाचून दाखवावा, तशा आवाजात.

"शेवंताची आवस माका पत्रां धाडी. पोस्टमास्तर लिवन दी. सगळ्या पत्रांनी येकच. 'इकडील सर्व खुशाल, काळजी नसावी.' शेवटचा पत्र माका कोलंबोक गावला. तेतूय खुशाल. ता पत्र खिशात होता नि तार इली."

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन पाणी ओतू लागलो.

"कायतरी वरीसभर दुखत होता म्हणे पोटात. आक्काकय म्हायत नाय." त्यांनी झाकण घट्ट फिरवले. "चला, मास्तरांनू."

विहीणबाई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होत्या. त्यांची पाठ रस्त्याकडे होती आणि कान साकवाकडे. गाडी अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, राघोबा उतरले, मी उतरलो, तरी त्यांना पत्ता नव्हता. राघोबा खाकरले तेव्हा त्या दचकल्या आणि अर्धे सूप तांदूळ कोंबड्यांना मिळाले.

"अगो बाय माझे! चालत इलास की काय?"

"गाडयेन," राघोबा म्हणाले.

विहीणबाई सूप ठेवून आल्या, गाडीभोवती एक फेरी घातली, टपावर हाताने थाप मारून पाहिली. गाडी गप्प. मी माझ्याकडून दोन शब्द शुद्ध मराठीत बोललो. विहीणबाई फटकळ असल्या तरी दिल्या शब्दाला जागणाऱ्या होत्या. अर्ध्या तासात शेवंताची ट्रंक ओसरीवर आली. तिची ओटी भरली गेली. ती पायऱ्या उतरून आली, सावकाश, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवीत.

राघोबा मागचे दार उघडून उभे होते.

"बरी आसस मां गो?"

"बरी आसय, बाबा. काळजी नको."

हे तिने खाली पाहत म्हटले, म्हणून राघोबांनीही खाली पाहिले. तिची पावले सुजली होती. जोडवी बोटांत रुतून दिसेनाशी झाली होती. राघोबा त्या पावलांकडे इतका वेळ पाहत राहिले की मला संकोच वाटू लागला. मग त्यांनी उघडलेले दार हलकेच लावले.

"विहीणबाई, मी चेडवाक न्हेत नाय."

"आता काय झाला? पाट मांडलो, ओटी भरली, नि आता न्हेत नाय?"

"मी तुमका फशिवलंय. गाडयेचो आवाज मी तेलान मारलंय. आत रोग आसा तसो आसा. वळणार ही खंय जायत ता माझा माकाच म्हायत नाय."

विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे दिवाळेक वराडत होती ती गाडी बरी?"

"तेवा बरी होती."

"आणि आता गप आसा ती वायट?"

"होय."

"राघोबानू, सत्तावीस वर्सां बोटीर तुमी केलास तरी काय?"

"तेल घातलंय," राघोबा म्हणाले. यात त्यांना विनोद दिसला नाही. ते शेवंताकडे वळले. "पाय कित्याक सुजले गो?"

"तसा काय नाय."

"तसा काय नाय तर कसा आसा?"

ती गप्प राहिली. एरवी अशा गप्प राहण्यावर राघोबा समाधानाने पुढे सरकले असते. त्या दिवशी ते सरकले नाहीत. अंगणात कोंबड्या तांदूळ टिपत होत्या, विहीणबाईंचे तोंड उघडे होते, आणि तो मनुष्य निवांत उभा होता, जणू त्याला दुसरीकडे कोठे जायचेच नव्हते. शेवटी शेवंता म्हणाली, "डोक्या दुखता. उठलंय की डोळ्यांम्होर काळोख येता. पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस!" विहीणबाई ओरडल्या. "नि माका सांगूक नाय?"

"तुमी रागवशात म्हणून, आये," ती म्हणाली आणि रडू लागली. विहीणबाईंनी तिला हाताला धरून पायरीवर बसवले, आणि मग त्या इतक्या वेगाने शेजाऱ्याला सायकलीवरून दवाखान्याकडे पिटाळू लागल्या की मी बाजूला झालो. दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी मीठ तोडले, बाजेवरून हलायचे नाही असे बजावले, आणि या अवस्थेत एवढा प्रवास करून नेणार होता का, असे माझ्याकडे पाहून विचारले. मी कोटाचे बटण चाचपले.

म्हणजे मुलगी माहेरी यायची नाही, हे ठरले. परंतु राघोबाही मालवणला परतले नाहीत. येथे एक अडचण होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाण्याचा थेंबही घेऊ नये, अशी जुनी रीत ते पाळीत. राहण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी चार माणसांकडून गाडी ढकलून रस्त्याकडेच्या फणसाखाली, गावाच्या पाराजवळ लावून घेतली आणि तिच्यातच मुक्काम ठोकला. मला संध्याकाळच्या बसमध्ये बसवताना त्यांनी फक्त चार सदरे पाठवायला सांगितले. विहीणबाईंनीही रीत मोडली नाही. त्या रोज भाकरी-भाजी शेजारणीच्या घरी नेऊन ठेवीत आणि शेजारीण ती स्वतःच्या घरची म्हणून राघोबांना आणून देई. सर्व गावाला हे ठाऊक होते. राघोबांनाही असावे.

पुढे सर्व रीतसर पार पडले, आणि नात झाली. पण मला आठवतो तो त्याआधीचा, मी सदरे घेऊन गेलो तो दिवस.

सूज बरीच उतरली होती आणि नर्सबाईंनी शेवंताला फणसापर्यंत हिंडायची मोकळीक दिली होती. मी बसमधून उतरलो तेव्हा दुपार कलली होती. फणसाखाली गाडी उभी होती. पुढच्या आसनावर, चाकामागे, राघोबा बसले होते. मागच्या आसनावर पाय लांब करून शेवंता. दोघांचीही तोंडे समोर रस्त्याकडे, जणू गाडी चालली आहे आणि दोघे कोठेतरी निघाले आहेत. शेवंता बोलत होती. मी तिला सलग चार वाक्ये बोलताना त्याआधी कधी ऐकले नव्हते. सासूचा तोंडाळपणा, नवऱ्याच्या पत्राची वाट, पोटात न ठरणारे अन्न, पोराची लाथ कोठे लागते ते, लहानपणी आक्काने मारले होते ते, असे एकातून एक निघत होते.

राघोबांचे दोन्ही हात मांडीवर होते. मधून मधून ते म्हणत, "हां. मगे?"

मी थोडा वेळ पाराच्या आड उभा राहिलो. मग सदऱ्यांची पिशवी पारावर ठेवली आणि परतीची बस किती वाजता आहे, याची चौकशी करायला गेलो.